जेरिकोचे पाच तारे

तीर्थरूप वर्ना मावशीस,

लाइलचा इथूनच वाकून नमस्कार. (समोर वाकलो असतो तर मला उठवायला तुलाच यावं लागलं असतं, आणि तुझे गुडघे कसे आहेत ते मला ठाऊक आहे.) तर आधी सांग, गुडघे कसे आहेत? ब्रन्सविकची समुद्राची हवा मानवत नाही आणि डॉक्टर बदलला, असं तू नाताळच्या कार्डात लिहिलं होतंस, पण आराम पडला की नाही ते लिहायला जागा उरली नव्हती, कारण उरलेल्या जागेत तू मला झापलं होतंस. ते योग्यच होतं. पत्र लिहीत नाही हा माझ्यावरचा आरोप मी मान्य करतो आणि आज एकदम सगळी थकबाकी चुकती करतो. फोन केला असता, पण फोनवर तू माझं ऐकता ऐकता भांडी घासतेस, आणि ही हकिकत नळ चालू असताना ऐकण्यासारखी नाही.

लाँगलीफ स्टेट कॉलेजातली माझी नोकरी गेली, ही बातमी तुला आपल्या डॉरिसने कळवलीच असेल. (चुलत बहिणींत डॉरिससारखी एक असली की वर्तमानपत्र घ्यावं लागत नाही.) तिने असंही कळवलं असेल की मी पिऊन हेड कोचच्या अंगावर गेलो, किंवा दलदलीतली हवा माझ्या डोक्यात शिरली. पहिलं साफ खोटं आहे. दुसऱ्याबद्दल हे पत्र पुरतं वाचून मग तूच काय ते ठरव.

माझं काम नेमकं काय होतं हे तुला कधी कळलं नाही, आणि त्यात तुझी चूक नाही. शाळांमधून फुटबॉल खेळणारी, म्हणजे चेंडू बगलेत मारून पळणारी आणि एकमेकांना पाडणारी पोरं हेरायची, त्यांच्या घरी जायचं, आईच्या हातचं जेवायचं, वडिलांशी ट्रॅक्टरबद्दल बोलायचं, आजीबरोबर प्रार्थनेला डोळे मिटायचे आणि पोरगं आमच्याच कॉलेजात येणार असा शब्द घेऊन बाहेर पडायचं. बाहेर पडताना फाटकाशी दुसऱ्या कॉलेजचा माणूस आत शिरताना भेटतो. तोही जेवायलाच आलेला असतो. आता कोणतं पोरगं चांगलं हे ठरवायला शहरात काही मंडळी बसलेली आहेत. ती व्हिडिओ बघून पोरांना तारे वाटतात. एक तारा म्हणजे धडपडतो, तीन म्हणजे बरा, आणि पाच म्हणजे देवाने सुट्टीच्या दिवशी सावकाश बसून घडवला. सतरा वर्षांच्या पोराचं पुढे काय होणार हे त्याच्या जन्मदात्या आईला सांगता येत नाही, पण यांना सांगता येतं. मी स्वतः कॉर्डेलहून एक पाच तारेवाला आणला होता. दाराच्या चौकटीत मावायचा नाही. खानावळीत चहा बिनसाखरेचा मिळतो म्हणून आठवड्याच्या आत घरी गेला, आणि आता पीचच्या बागेत सुखाने वजन वाढवतोय. दुसऱ्या एकाच्या हाताला सगळे तोफ म्हणायचे. त्या तोफेला गर्दीचा आवाज ऐकला की उलटी व्हायची. आणि बसमध्ये जागा रिकामी होती म्हणून ज्याला घेतला, ज्याला एकही तारा नव्हता, तो हल्ली रविवारी टीव्हीवर व्यावसायिक सामन्यांत दिसतो. तेव्हा या धंद्यात कोण फळणार आणि कोण सडणार हे कुणालाच कळत नाही. फक्त कळतं असा चेहरा ठेवायचा पगार मिळतो.

तर, आमच्या हेड कोच स्ट्रिकलँडसाहेबांची खुर्ची त्या वर्षी हलायला लागली होती. त्यांनी मला बोलावून एक व्हिडिओ लावला. जेरिको मिम्स नावाचा एक सडपातळ पोरगा चेंडू छातीशी धरून पळत होता, आणि त्याला पाडायला आलेली दांडगी पोरं ऐन वेळी बाजूला होत होती. बाजारात कुणी खांद्याने वाट काढत पुढे चाललं की माणसं होतात ना, तशी. साहेबांना ते फार आवडलं. मी मात्र ते पुन्हा मागे नेऊन बघितलं. साहेब म्हणाले, पाच तारे आहेत, याला घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस.

टार लँडिंग तू पाहिलेलं नाहीस. पाइनच्या रानातून रस्ता जात जात काळ्या पाण्याच्या नदीवर येतो, नदीवर एक अरुंद पूल आहे, आणि पुलाच्या पलीकडे परगणाही बदलतो आणि हवाही. शुक्रवारी दिवेलागणीला सामना होता. मी उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन बाकावर बसलो. सगळं गाव आलेलं, बँड वाजतोय, बायका एकमेकींच्या सुनांबद्दल बोलतायत, सगळं आपल्याकडच्यासारखं. मग जेरिकोच्या हातात चेंडू गेला आणि मैदान गप्प झालं. बोलत्या बायका वाक्य अर्धं टाकून थांबल्या. झांजवाल्या पोरीने झांजा पोटाशी दाबून धरल्या. आणि पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या, मावशी, सगळ्यांनी, जशा कुणाची अंत्ययात्रा रस्त्याने गेली की आपण गाडी कडेला घेऊन काढतो. त्या शांततेत मी एकटा उभा राहून "पळ बेटा, पळ!" म्हणून बोंबलत होतो. शेजारच्या बाईने माझा कोट धरून मला खाली ओढलं.

"ओ पाहुणे, तोंड मिटा आधी. दिसत नाही का, पळतायत ते?"

मी मिटलं. शाळकरी पोराला 'पळतायत' म्हणून मान देणारं गाव मी पहिल्यांदाच बघत होतो. वाटलं, पाच ताऱ्यांचा मान असेल. चेंडू गोलरेषेपलीकडे गेला, टोप्या पुन्हा डोक्यावर चढल्या, बँड सुरू झाला, सुनाही सुरू झाल्या, जसं मधे काही घडलंच नाही. मग मी नीट बघायला लागलो. प्रत्येक वेळी चेंडू मिळायच्या आधी जेरिको डावीकडे जराशी मान वळवायचा, थांबायचा, आणि कुणीतरी काही सांगितल्यासारखी मान हलवायचा. डावीकडे कुणीच नसायचं. पाहुण्या संघातला एक आडदांड पोरगा माझ्या पुढ्यातल्या कठड्यापाशी आला आणि आपल्या कोचवर चिडला. "त्या डावीकडच्याला कोण धरणार? दर खेपेला खांदा मारतोय मला!" कोच म्हणाला, "डावीकडे कुणी नाहीये, गाढवा." पोरगा खांदा चोळत म्हणाला, "मग मला पाडलं कुणी?" कोचने त्याला बाजूला बसवलं आणि दुसरा पाठवला. थोड्या वेळाने तोही खांदा चोळत आला.

सामना झाल्यावर मी शाळेच्या कोचला गाठलं. गॅस्किन मास्तर, म्हातारा, कमी बोलणारा, हातात कायम टॉवेलची घडी. मी म्हटलं, बाहेरगावच्या सामन्यांचे व्हिडिओ दाखवा.

"नाहीत."

"का बरं?"

"बाहेरगावी त्याचा घोटा दुखतो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि परत आल्यावर?"

"बरा होतो." मास्तरांनी टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "डॉक्टरला दाखवलाय. घोटा एकदम उत्तम आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की पाचही तारे या एकाच मैदानावर मिळालेले आहेत, आणि तारे वाटणाऱ्यांपैकी एकही आपली खुर्ची सोडून इथवर आलेला नाही. मला तिथूनच परत फिरायला हरकत नव्हती. पण रविवारी मिम्सबाईंकडे जेवायचं आमंत्रण होतं, आणि आमंत्रण मोडायची सवय मला तू लावली नाहीस.

रविवारी चर्च सुटल्यावर गेलो. (मिम्सबाईंचे यजमान कामाला फ्लोरिडात असतात, त्यामुळे ट्रॅक्टरचा विषय वाचला.) तळलेला कॅटफिश, सलगमाचा पाला, मक्याचा पाव, रताळ्याचं गोड सारण भरलेला 'पाय', तुझ्यापेक्षा चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, पण मी तीनदा वाढून घेतलं. जेरिको समोर बसला होता. मोठे हात, शांत डोळे, बोलणं कमी. बाई उंच, ताठ, केसांत थोडी चांदी. माझं तोंड भरलेलं असतानाच त्यांनी विचारलं,

"कोणाला न्यायला आलात तुम्ही?"

"जेरिकोला, बाई. आणखी कोणाला?"

"नाही, नीट आठवून सांगा. आत्तापर्यंत इतके येऊन गेले, जेवून गेले, पण एकानेही ह्याच्याकडे बघितलं नाही. सगळे त्याच्याकडेच बघून गेले."

"त्याच्याकडे म्हणजे?"

"ईनककडे," बाई म्हणाल्या आणि मला आणखी एक तुकडा वाढला.

ईनक हा थोरला. परगण्यात त्याच्याएवढं कुणी पळायचं नाही, पण हाडापेराने बारीक, म्हणून त्याला एकही तारा नव्हता आणि एकाही कॉलेजचा माणूस कधी पूल ओलांडून आला नाही. (त्या काळात मी वाल्डोस्टात टायर विकत होतो, हे तुला आठवत असेल.) शाळा संपल्यावर तो लाकडाचा ट्रक चालवायला लागला. त्याच वसंतात नदीला पूर आला आणि ट्रक पुलावरून नदीत गेला. ट्रक लगेच सापडला. ईनक नंतर सापडला. जेरिकोला फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. त्याला झाडं आवडायची, रानात जाऊन सालींना हात लावत फिरायचा. पुढच्या हंगामात गॅस्किन मास्तरांना पोरं कमी पडली, म्हणून त्यांनी त्याला उभं केलं. त्याच्या हातात चुकून चेंडू आला आणि तो पळाला. पळताना उजवा खांदा किंचित खाली घालायची ईनकची लकब होती. सगळ्या गावाने तो खांदा ओळखला. जुन्या माणसांपैकी कुणीतरी आधी टोपी काढली, मग सगळ्यांनी काढली. त्यावर आजवर कुणी कुणाशी चकार शब्द बोललेलं नाही.

"माझं एक गेलं," बाई म्हणाल्या, "आणि दुसरं त्याच्यामागे पळतंय. ह्याला घेऊन जा, मिस्टर थिगपेन. पण आधी एक सांगा. पुलापलीकडे हा नुसता जेरिको आहे. ह्याला जोरात पळता येत नाही. ते तुमच्या लोकांना कळेल, त्या दिवशी ठेवाल ह्याला?"

मावशी, माझ्या तोंडून 'हो' निघायला कधीच वेळ लागत नाही. माझा धंदाच तो होता. हो बाई, पहिल्या दिवसापासून खेळेल. हो आजी, दर रविवारी चर्चला नेईन. पण त्या वेळी मक्याचा पाव घशात अडकला आणि मी नुसता पाणी पीत राहिलो. बाई माझ्याकडे बघत होत्या. जेरिको ताटाकडे बघत होता. शेवटी मी म्हटलं की जरा पाय मोकळे करून येतो, आणि जेरिको म्हणाला, "चला, मैदानावर जाऊ."

लख्ख ऊन होतं, मावशी, भर दुपार. भुताखेतांच्या गोष्टींत असतं तसलं काही नव्हतं. गवत नुकतंच कापलेलं. कुंपणापलीकडे पाइनची झाडं उभी, पण वारा मुळीच नव्हता. जेरिको म्हणाला, "तुम्हाला बघायचंच आहे ना? मग त्या टोकाच्या रेषेवर उभे राहा. आणि टोपी हातात धरा, नाहीतर उगाच शोधत बसाल." तो पार दुसऱ्या टोकाला गेला. डावीकडे मान वळवली. थांबला. मान हलवली. आणि पळत सुटला. मी डोळे मिटले. (भीतीने नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं.) पावलं दोघांची होती. एकाची जड, धापांसकट. दुसऱ्याची हलकी, पुढे पुढे येणारी, जमिनीला हात लावून माफी मागितल्यासारखी. ती हलकी पावलं माझ्या डाव्या अंगाला अगदी लागून गेली, ओल्या लाकडाचा आणि राळेचा वास आला, आणि माझ्या हातातली टोपी फडफडली. तो गोलरेषेपलीकडे थांबला, हे मला कळलं, कारण माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेत होतं. मग मी डोळे उघडले. जेरिको अजून मैदानाच्या मध्यावरच होता.

तो धापा टाकत आला. "गेला ना? तो नेहमी आधी जातो. मला फक्त मागून जावं लागतं." मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. "भावाची?" मग तो गवतावर बसला आणि आपण होऊन बोलला. "बाहेरगावी जाताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसतो. पूल आला की सीट रिकामी होते. मग चेंडू हातात आला तरी कुठे न्यायचा तेच मला कळत नाही. मला जंगलाचं शिकायचंय, साहेब. झाडं ओळखायची, लावायची. पण शुक्रवार आला की तो माझ्याआधी दाराशी उभा असतो. त्याला कसं सांगू, की मला नाही खेळायचं?"

संध्याकाळी मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, खरं तेच सांगावं. "साहेब, पोरगा चांगला आहे, पण तारे त्याचे नाहीत. भावाचे आहेत." साहेब म्हणाले, "भाऊ पण खेळतो? मग त्यालाही उचल!" मी म्हटलं, "त्याला नाही आणता येणार, साहेब." "का, कुणी आधीच बोलून ठेवलाय?" "तसं नाही." "शिकतो कुठे?" "कुठेच नाही." "मग मोकळाच आहे की! त्याच्या आईशी बोल." मी म्हटलं, आईच म्हणतेय की तो पूल ओलांडत नाही. साहेबांनी सुस्कारा सोडला. "थिगपेन, घरकोंबडी पोरं आपल्याला नकोत. धाकट्याची सही घे." आणि फोन ठेवला. मी खरं सांगितलं नाही असं नंतर कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे तुला कळवतोय.

मग मी परत मिम्सबाईंच्या दाराशी गेलो. पायऱ्यांवर उभ्यानेच म्हटलं, "ठेवीन. त्याचं शिक्षण पुरं होईपर्यंत." बाईंनी दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला की हसण्याचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सहीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर मोठमोठ्या कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या होत्या; पोरगा ज्याची टोपी घालेल, त्या कॉलेजचा तो झाला. आमची टोपी टोकाला, जरा मळकट. बडे बडे कोच रेशमी टाय लावून बसलेले. त्यांच्यापुढे मी म्हणजे पाइप दुरुस्त करायला आलेला माणूस. जेरिकोने आमची टोपी घातली. एका पत्रकाराने विचारलं, लाँगलीफच का? जेरिको म्हणाला, "ह्यांनी आईच्या प्रश्नाचं उत्तर दिलं." पत्रकाराने ते कॉलेजच्या फीबद्दल आहे असं समजून लिहून घेतलं.

उन्हाळ्यात मी त्याला न्यायला गेलो. आईने त्याला जवळ घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं. पुलाच्या अलीकडे जेरिको म्हणाला, जरा थांबवा. तो उतरला. त्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला, आपण म्हाताऱ्या माणसाला उतरायला वेळ देतो तसा. मग खाली मान घालून काहीतरी बोलला. बराच वेळ. मी स्टिअरिंगला घट्ट धरून समोरच्या काचेवरचे मेलेले किडे बघत होतो. शेवटी त्याने दार हलकेच लावलं, पुढे येऊन बसला आणि म्हणाला, "चला." पुलावरून जाताना मी आरशात मागे बघितलं नाही. (बघितलं. पण ते मी तुला सांगणार नाही.)

पुढचं तू ओळखलंच असशील. पाच ताऱ्यांचा जेरिको मिम्स आमच्या मैदानावर पळाला तो कुत्रा मागे लागलेल्या पोस्टमनसारखा. साहेबांना आधी वाटलं तो थकलाय, मग वाटलं जेवण मानवत नाही, मग वाटलं बूट चुकीचे आहेत. त्याला नवे बूट दिले. तो नव्या बुटांत तसाच पळाला. तारे वाटणारी मंडळी म्हणाली की त्यांना आधीपासून शंका होतीच. वर्तमानपत्रांनी त्याचा फोटो छापला, पडतानाचा. आणि मावशी, पोरगा मात्र खुशीत! झोपायला लागला, जेवायला लागला, जंगलाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायला लागला. कॉलेजच्या रस्त्याने माझ्याबरोबर चालताना झाडांची नावं सांगायचा, आणि एकदा तर विनोदही केला. (चांगला नव्हता. पण तरी.) हंगाम संपता संपता एका हरलेल्या सामन्यात साहेबांनी वैतागून त्याला आत पाठवला. त्याच्या हातात चेंडू आला. डावीकडे न बघता तो सरळ पळाला, चार-पाच पावलं गेला आणि तोंडावर आपटला. उठला तो हसत. वरच्या बाकांवरून एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली, "माझा जेरिको! तो माझा जेरिको!" आसपासच्या लोकांना वाटलं, एवढ्याशा धावेला एवढा आनंद म्हणजे बाईचं काहीतरी बिनसलंय. मी खाली उभा होतो. मी मिम्सबाईंकडे बघून हात हलवला.

त्यानंतर साहेबांनी मला बोलावून घेतलं. पोराची शिष्यवृत्ती काढून दुसऱ्याला द्यायची म्हणाले, काहीतरी कारण काढू. मी म्हटलं, "साहेब, लोक विचारतील की असला पोरगा निवडला कुणी. तुम्ही सांगा, थिगपेनने. त्याला तारे मोजता येत नव्हते म्हणून हाकलला. पोरगा राहू दे. ठेवलात तर लोक म्हणतील साहेबांचं मन मोठं." साहेबांनी विचार केला. त्यांना ते मोठं मन बरंच आवडलं. मी टेबल आवरलं. हे शौर्य वगैरे नव्हतं. मिम्सबाईंच्या पायरीवर दिलेल्या शब्दात माझं तोंड अडकलेलं होतं, ते सोडवायचा दुसरा मार्ग मला दिसला नाही. अंगावर जाण्याबद्दल म्हणशील, तर निघताना मी साहेबांना मिठी मारली. डॉरिसपर्यंत पोहोचेतो त्या मिठीचा मारामारीचा प्रसंग झाला असेल.

तर आता मी टार लँडिंगच्या शाळेचा कोच आहे. गॅस्किन मास्तर निवृत्त झाले; जाताना त्यांनी मला किल्ल्या आणि घडी न घातलेल्या टॉवेलांचा ढीग दिला. माझ्या सबंध संघात मिळून एकही तारा नाही, त्यामुळे कुणी परका जेवायला येत नाही आणि सगळं काही मलाच मिळतं. मी मजेत आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही नाही. दलदलीत हवा साचते, उन्हात आवाज लांबून येतात, माणसाला भास होतात. विज्ञान आहे त्यात. गुडघ्यांना जप, नवा डॉक्टर जुन्यापेक्षा बरा नसेल तर जुन्याकडेच परत जा, आणि माझ्यावरचा राग थोडा कमी कर.

तुझा,
लाइल

ता. क. : वर जिथे जिथे मी घाबरलो नाही असं लिहिलं आहे, ते पेनाच्या ओघात लिहिलं गेलं आहे. तेवढं सोडून बाकी सगळं खरं.

दुसरा ता. क. : खरं म्हणजे मी हे पत्र एका कामासाठी लिहितोय. शुक्रवारी संध्याकाळी पोरं घरी गेली की मी मैदानावर बसून राहतो. तो येतो. एकटाच पळतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बाकांकडे तोंड करून जरा वेळ थांबतो आणि परत फिरतो. मी टाळ्या वाजवून बघितल्या. पण मी आता इथलाच झालोय, माझ्या टाळ्यांना काही किंमत नाही; त्याला बघायला कुणीतरी पूल ओलांडून यायला हवं. मी शाळेत खेळायचो (खेळायचो म्हणजे बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळायचो) तेव्हा तू दर सामन्याला वाट वाकडी करून यायचीस आणि शेवटपर्यंत बसायचीस. मैदानात न दिसणाऱ्या पोराला बघायला येणारी माझ्या ओळखीत तू एकटीच आहेस. तेव्हा गुडघे ऐकतील तर ये. या शुक्रवारी सामना नाही. तरी ये.